आयटी विभाग सांभाळायला काय लागतं? कर्जमाफीच्या दोन याद्यांची गोष्ट

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय तुमच्या-माझ्या रांगेचा आहे.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कामठीत हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा एक माणूस मला दाखवा. दाखला असो, सातबारा असो, पोराचा निकाल असो. आपण सर्व्हरला चार शिव्या देतो आणि घरी येतो. पण त्या सर्व्हरमागे एक विभाग असतो आणि त्या विभागाला एक प्रमुख असतो. त्याला काय काय यायला पाहिजे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. वीसेक वर्षांच्या बातमीदारीत संगणकीकरणाची उद्घाटनं मी भरपूर कव्हर केली. फीत कापली जाते, फोटो निघतो, "आता सगळं एका क्लिकवर" असं भाषण होतं. वर्षभरानं तिथं जाऊन बघणारे आपण पत्रकारही कमीच.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशी पुस्तक उघडायची गरज नाही. आपल्या राज्यानं गेल्या काही वर्षांत त्याचे चांगले महाग धडे घेतले आहेत. सगळ्यात मोठा धडा शेतकरी कर्जमाफीचा. राज्य तेच, बँका त्याच, शेतकरी तेच. एकदा २०१७ मध्ये केलं, एकदा २०२० मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून बघू. पक्ष कोणता होता ते क्षणभर बाजूला ठेवा, आज आपल्याला काम बघायचं आहे.

*२०१७ : आधी तारीख, मग तयारी*

२४ जून २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. आकडा ३४,०२२ कोटी रुपये, लाभार्थी ८९ लाख शेतकरी, असं सांगितलं गेलं. बरोबर एका महिन्यानं, २४ जुलैपासून ऑनलाइन अर्ज सुरू. मुदत आधी १५ सप्टेंबर, मग वाढवून २२ सप्टेंबर.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत शेतकऱ्यांपेक्षा बँकांचंच भलं झालं, अशी ओरड होती. म्हणून या वेळी प्रत्येक शेतकऱ्याची ओळख आधारवरून पटवायची, मगच पैसा सोडायचा, असं ठरलं. चांगली गोष्ट. पण ठरवणं आणि करणं यात मधे जे असतं, तेच आयटी विभागाचं खरं काम.

त्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या केंद्रांवर मी जे पाहिलं ते सांगतो. नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघांचे अंगठे, दोघांचं आधार. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीन घेत नाही. रात्री नेट बरं चालतं म्हणून लोक रात्री रांगेत. ज्याची बायको वारली त्यानं काय करायचं, हे केंद्रवाल्या पोरालाच ठाऊक नाही.

पण रांग हा दिसणारा भाग झाला. खरा गुंता आत होता. शेतकऱ्यानं भरलेला अर्ज आधारवर उभा. बँकेतलं कर्ज खाते क्रमांकावर उभं. या दोन्हींचं लग्न लावायचं होतं. बँकांकडून ६६ रकान्यांचा तक्ता मागवला गेला. आता आपल्याकडचं पीक कर्ज कसं असतं बघा. गावात विविध कार्यकारी सोसायटी, तिचा गटसचिव, त्याची वही. सोसायटीच्या वर जिल्हा बँक. त्यात नागपूर, वर्धा, बुलडाणा या जिल्हा बँका आधीच मोडकळीला आलेल्या. वहीत नाव "रामाजी", आधारवर "रामराव", बँकेत नुसताच "आर. के." कित्येक कर्जखात्यांना आधार जोडलेलंच नाही. संगणकाला रामाजी आणि रामराव एकच, हे कोण सांगणार? गावात कोणालाही विचारा, दोन मिनिटांत सांगेल. पण गावाला विचारायची पायरीच आखणीत नव्हती.

दुसरा गुंता नियमाचा. दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती. म्हणजे बापाचं जिल्हा बँकेत, आईचं राष्ट्रीयीकृत बँकेत, सगळी कर्जं शोधून एकत्र करा, बेरीज करा, मर्यादा लावा, मग कोणत्या खात्यात किती ते ठरवा. कागदावर हा एका ओळीचा नियम. प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी तो डोंगर, कारण "कुटुंब" नावाची यादी कोणत्याही बँकेकडे नसते.

आणि तारीख? दिवाळी. १८ ऑक्टोबर २०१७ ला मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम झाले, शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली. मग यादीत बघतात तर वेगवेगळ्या शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक, एकच खातं. यादी परत घ्यावी लागली. बँका म्हणाल्या, आम्ही माहिती दिली होती. सरकार म्हणालं, बँकांची माहितीच चुकीची. नोव्हेंबरात माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रधान सचिव रजेवर गेले आणि विभाग दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आला. पुढे लाखो शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे आलेच, ते नाकारायचं नाही. पण हप्त्याहप्त्यानं, तुकड्यातुकड्यानं आणि सगळ्यांचा विश्वास घालवून.

*२०२० : आधी ६८ गावं*

आता दुसरी बाजू. २१ डिसेंबर २०१९, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीक कर्ज.

या वेळी काय बदललं ते नीट वाचा, कारण यंत्र बदललं नव्हतं.

पहिलं, नियम सोपा केला. मर्यादा कुटुंबाला नाही, वैयक्तिक शेतकऱ्याला. एका फटक्यात तो "कुटुंब" शोधायचा डोंगर गेला.

दुसरं, अर्जच नाही. माहिती बँकेनं द्यायची, कारण कर्ज बँकेनं दिलंय. शेतकऱ्यानं फक्त आधार खात्याला जोडून घ्यायचं, तेही यादी लागायच्या आधी.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरसकट सुरुवात केली नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची. जिल्ह्याला दोन गावं. १५,३५८ खाती. त्यात काय बिघडतं ते बघितलं आणि चार-पाच दिवसांनी दुसरी यादी लावली, जवळपास २२ लाख खात्यांची.

चौथं, शेतकऱ्याला "नाही" म्हणायची सोय दिली. यादी ग्रामपंचायतीत आणि बँकेत लागली, प्रत्येकाच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक. तो घेऊन केंद्रावर जायचं, स्क्रीनवर आपल्या कर्जाचा आकडा बघायचा, पटला तर अंगठा. नाही पटला तर तक्रार. आधार चुकलं असेल तर तहसीलदाराकडे, रक्कम चुकली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे. म्हणजे माहिती चुकणारच हे गृहीत धरलं होतं, आणि चूक कोणाच्या टेबलावर जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

ही योजनाही निर्दोष नव्हती. दोन लाखांच्या वरचे बाहेर राहिले. नियमित फेडणाऱ्यांना कबूल केलेले ५० हजार मिळायला २०२२ उजाडलं. मधे कोरोना आला आणि काम थबकलं. २०१७ च्या धडपडीत बँकांना आपली माहिती थोडीफार नीट करावी लागली होती, त्याचाही फायदा झाला असणार, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तरी पण यादी लावणं, पटवणं, पैसे जमा होणं, हे पहिल्यापेक्षा कितीतरी सुरळीत झालं.

या चारही बदलांत "कॉम्प्युटरचं ज्ञान" म्हणावं असं किती आहे? जवळपास काहीच नाही. नियम ठरवायच्या बैठकीत बसून "असा नियम केला तर यादी बनणार नाही" असं सांगता येणं. माहिती जन्माला कुठे येते ते ठाऊक असणं. आधी थोड्यावर करून बघायचा धीर. आणि चूक दुरुस्त करायची वाट आधीच बांधून ठेवणं. मला तरी आयटी विभाग सांभाळायचं कौशल्य म्हणजे प्रामुख्यानं हेच वाटतं.

*चावडीवर वाचलेला सातबारा*

असं शहाणपण आपल्याकडे नव्हतंच असं नाही. त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात महसूल खात्यानं एक मोहीम राबवली होती, चावडी वाचनाची. राज्यात अडीच कोटींच्या घरात सातबारे. हातानं लिहिलेले संगणकावर चढवताना नावं चुकली, क्षेत्र चुकलं, कोणाचा वारस गळला, कोणाची विहीर गायब झाली. मग गावागावांत संगणकातला सातबारा लोकांसमोर मोठ्यानं वाचला. ज्याचं चुकलं त्यानं तिथंच हात वर करायचा. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला.

मोठ्या कंपन्या ज्याला "टेस्टिंग" म्हणतात ते याच्यापेक्षा वेगळं काय असतं? चुका सगळ्या निघाल्या नाहीत, आजही लोक दुरुस्तीला चकरा मारतात. पण माहिती ज्याची आहे त्याच्याकडून तपासून घ्यायची, ही समज महत्त्वाची. याच कामात तलाठ्यांचे हालही आपण पाहिले. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून रात्री जागून नोंदी घेणारे तलाठी आणि त्यांची आंदोलनं, सगळं पेपरात आलं. माहिती भरणारा माणूस थकलेला आणि चिडलेला असेल तर माहिती चांगली कशी निघेल? प्रमुखानं हेही बघायचं असतं.

*विद्यापीठाचे १७ लाख पेपर*

शेतकरी नसलेल्यांसाठी दुसरं उदाहरण, तेही २०१७ चंच. मुंबई विद्यापीठ, १८५७ चं. उन्हाळी परीक्षेचे सगळे पेपर एकदम संगणकावर तपासायचं ठरलं. १७ लाखांच्या वर उत्तरपत्रिका. कंत्राटाचा निर्णय कधी झाला? परीक्षा सुरू झाल्यावर. मग स्कॅनिंग, मग प्राध्यापकांचं प्रशिक्षण, सगळं धावत्या गाडीत. निकाल ४५ दिवसांत लावायचा नियम. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती गेली. मग ऑगस्टमधल्या तारखा आल्या, त्याही गेल्या. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात. परदेशी प्रवेश घेणाऱ्या पोरांचं जे झालं ते झालं. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून काढण्यात आलं. राज्यात असं आधी घडलेलं नव्हतं.

गंमत अशी की संगणकावर पेपर तपासणं आपल्या नागपूर विद्यापीठात आधीपासून चालू होतं, आणि मुंबईचे पेपर तपासायला आपल्याकडच्या प्राध्यापकांनीही हात लावला. म्हणजे तंत्र वाईट नव्हतं. "या वर्षी एकाच शाखेचं करू, बाकीचं पुढल्या वर्षी" हे वरिष्ठाला ठामपणे सांगणारं कोणी नव्हतं, किंवा सांगितलं तर ऐकणारं नव्हतं. आयटी प्रमुखाची सगळ्यात अवघड कला हीच. मंत्र्याला, कुलगुरूला, मुख्याधिकाऱ्याला तारखेबद्दल "नाही होणार साहेब" म्हणणं, आणि लगेच पुढे "पण एवढं होईल" असंही म्हणणं.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजू नका. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेत ओबामा सरकारनं आरोग्य विम्याची वेबसाइट सुरू केली. पहिल्या दिवशी किती लोकांची नोंदणी पूर्ण झाली? ६. सहा हजार नाही, सहा. कारण शोधलं तेव्हा कळलं की कंत्राटदार डझनांनी होते, पण पूर्ण कामाचा धनी कोणीच नव्हता.

*रात्रीचा पहारा*

आता पैशांचं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ ची, शंभरी पार केलेली सहकारी बँक. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी रुपये. बँकेची खरी यंत्रणा बाजूला राहिली आणि चोरांनी मधे बसवलेली खोटी यंत्रणाच "हो, पैसे द्या" म्हणत राहिली. दिवस कोणता निवडला बघा, शनिवार. बँक बंद, साहेब घरी.

कामठीकरांना हे समजवायला नको. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी टाकली तेव्हापासून आपलं गावच पहाऱ्यावर उभं आहे. तोफा कितीही असू द्या, रात्री दोनच्या पहाऱ्यावर कोण आहे आणि गडबड दिसली तर तो कोणाला उठवणार, हे ठरलेलं नसेल तर छावणी काही कामाची नाही. रसद, हजेरी, पहारा, बदलीच्या वेळी चार्ज देणं-घेणं. आयटी विभागातही तेच. रोजची माहिती दुसरीकडे साठवली जाते का? ती परत काढून कधी बघितली का? गेलेल्या माणसाचा पासवर्ड बंद केला का? कंत्राटदार उद्या निघून गेला तर चाव्या कोणाकडे? यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही.

*आता आपल्या गावाचं*

हे सगळं कामठीच्या भिंतीवर का लिहितोय? कारण आपल्या छोट्या कार्यालयांत आयटीचा माणूस म्हणजे "प्रिंटरवाला". नगर परिषदांसाठी राज्यात संगणक अभियंत्यांचं स्वतंत्र संवर्ग आहे. पण कुठल्याही छोट्या नगर परिषदेत त्या अभियंत्याला विचारा, करवसुलीचे नियम ठरवायच्या बैठकीत तुला बोलावतात का? ग्रामपंचायतीत २०११ पासून संगणक परिचालक बसले. गावाची सगळी माहिती त्यांच्या बोटांखाली. तीच पोरं कमी मानधनासाठी हिवाळी अधिवेशनावर मोर्चे काढत आली. कोणत्या घराची नोंद खोटी आहे, कोणता रकाना मूर्खपणाचा आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. त्यांना कोणी विचारत नाही. तो पोरगा काम सोडून गेला की ते ज्ञानही त्याच्यासोबत जातं.

इथं इंजिनिअरिंग, एमसीए, बीसीए करणारी पोरं घरोघरी आहेत. त्यांनाही सांगतो. कोडिंग शिका, नेटवर्क शिका, सुरक्षेचं शिका. प्रमुखाला ते समजलंच पाहिजे, नाहीतर कंत्राटदार त्याला गुंडाळतो. पण सोबत हिशोबाची वही वाचायला शिका. सरकारी निर्णय वाचायला शिका. निविदेतली बारीक अक्षरं वाचायला शिका. आणि एक दिवस सेवा केंद्राच्या खिडकीच्या आत बसून बघा, मग एक दिवस बाहेरच्या रांगेत उभं राहून बघा.

बाकी आपण सगळ्यांनी काय करायचं? पुढच्या वेळी आपल्या भागात कोणतीही "ऑनलाइन सेवा" सुरू होईल तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी हे प्रश्न विचारा. मीही विचारणार आहे, आणि मिळालेली उत्तरं इथंच छापणार आहे.

१. आधी एखाद्या वॉर्डात किंवा गावात करून बघितलं का? काय चुकलं?
२. यातली माहिती कुठून आली, आणि ज्याची आहे त्याला ती दाखवली का?
३. माझी नोंद चुकली तर अर्ज कोणाकडे, आणि किती दिवसांत उत्तर?
४. नेट बंद असेल त्या दिवशी काम कसं होणार? कागदावर घेणार की परत पाठवणार?
५. कंत्राट संपल्यावर माहिती कोणाच्या ताब्यात राहणार?
६. या सगळ्याचा जबाबदार एक माणूस कोण? त्याचं पद आणि बसायची जागा सांगा.

सहावा प्रश्न विसरू नका. पहिल्या पाचांची उत्तरं त्याच माणसाकडून घ्यायची आहेत.

तुमच्यापैकी कोणी सेवा केंद्र चालवत असाल, संगणक परिचालक असाल, तलाठी असाल, तर कोणता रकाना रोज डोकं खातो ते खाली लिहा. नाव लिहायचं नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा, नाव येणार नाही.